रविवारचा सव्वाबाराचा खेळ आणि रिकामी केबिन

नाशिककरांचा रविवार मिसळीने सुरू होतो आणि महिन्यातून एकदा आम्हा उभयतांचा तो चित्रपटगृहात सरतो. गेल्या रविवारी दुपारी सव्वाबाराच्या खेळाला शहरातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये आम्ही मराठी चित्रपट पाहिला. चित्रपट बरा होता, त्याविषयी येथे लिहायचे नाही. लिहायचे आहे ते चित्रपटगृहाविषयी. त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण जी उणीव पुढे सांगणार आहे ती त्या एकाच इमारतीची असेल असे मला वाटत नाही.

तिकिटे खिडकीवर जाऊन काढली. आमच्यापुढे तीनच माणसे होती, त्यामुळे ऑनलाइनचे सुविधा शुल्क वाचले. दर माणशी २२० रुपये. २२ सप्टेंबर २०२५पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्यापुढच्या तिकिटाला मात्र १८ टक्के तसेच राहिले; म्हणजे आमच्या प्रत्येक तिकिटात जवळजवळ ३४ रुपये कराचेच होते. शंभराच्या आतले तिकीट येथे सकाळच्या पहिल्या खेळालाही नाही, तेव्हा ती सवलत आम्ही वर्तमानपत्रात वाचली तेवढीच.

कुठे बसायचे, हा आमच्यातला जुना वाद आहे. ध्वनियंत्रणा जुळवताना मापनाचे माइक साधारणपणे पडद्यापासून दोन तृतीयांश अंतरावर ठेवतात, म्हणून मला त्या अंतरावरची मधली खुर्ची हवी असते. पत्नीला गुडघ्यामुळे कडेची लागते. या खेपेस तिचे चालले आणि कडेच्या खुर्च्यांवर बसूनही ध्वनीबाबत तक्रारीला जागा राहिली नाही, हे प्रांजळपणे नोंदवतो. पडद्याला डोळ्यांना न जाणवणारी बारीक छिद्रे असतात आणि संवादांचा स्पीकर त्या छिद्रांमागे बसवलेला असतो. तो नीट जुळवलेला असेल तर कडेला बसलेल्यालाही शब्द पात्राच्या तोंडूनच आल्यासारखे वाटतात. एका प्रसंगातले आई-मुलाचे कुजबुजीतले बोलणे शब्दन् शब्द ऐकू आले. मराठी संवाद इतके स्वच्छ ऐकायला मिळणे हीच माझ्या लेखी २२० रुपयांतली निम्मी वसुली होती.

खुर्च्या ऐसपैस, स्वच्छतागृह खरोखर स्वच्छ. वातानुकूलन मात्र मे महिन्याच्या हिशेबाने लावलेले होते, शाल जवळ असलेली बरी. खाद्यपदार्थांविषयी फार लिहिण्यासारखे नाही: मध्यम पॉपकॉर्न २९० रुपये, आणि पिशवीतला चिवडा दारावरच काढून ठेवावा लागला. बाहेरचे खाणे अडवण्याचा मालकांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३मध्ये मान्य केला, पण पिण्याचे पाणी मोफत द्यावे असेही सांगितले. ते पाणी येथे आहे. कॉरिडॉरच्या पार टोकाला, पेल्याविना.

आता मुख्य तक्रार. मध्यंतरानंतर चित्रपट सुरू झाला, पण भिंतींवरचे दिवे मंद होऊन अर्ध्यावरच थांबले. पुढचा प्रसंग रात्रीचा होता, कंदिलाच्या उजेडात दोघे बोलत बसलेले, आणि पडद्यावर आम्हाला दिसत होता तो राखाडी पट्टा. दोन-चार मिनिटे सगळ्यांनी वाट पाहिली. मागून कोणीतरी “लाइट!” म्हणून ओरडले, शिट्टीही वाजली. पूर्वी विजयानंद किंवा सर्कल या चित्रपटगृहांमध्ये अशी हाक प्रोजेक्टरच्या केबिनपर्यंत पोहोचत असे, कारण तिथे माणूस बसलेला असायचा. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, दोन हजार फुटांचे रीळ बावीस मिनिटांत संपते, आणि ते संपायच्या आत दुसरे यंत्र सुरू करायचे म्हणजे ऑपरेटरला जागचे हलता येत नसे. आता चित्रपट सर्व्हरवर येतो, ठरावीक मुदतीतच तो उघडेल अशी त्याची किल्ली निर्मात्यांकडून वेगळी येते, आणि खेळ कधी सुरू व्हावा, मध्यंतर कुठे, दिवे केव्हा मालवायचे, हे सारे आधीच यादीत भरून ठेवलेले असते. त्या यादीतली एक आज्ञा चुकली की दिवे चुकतात, आणि ते पाहायला केबिनमध्ये कोणी नसते.

“अहो, तुम्ही उठताय की मी जाऊ?” पत्नीने विचारले. मी जरा थांबू या म्हणालो, तोवर ती दुखऱ्या गुडघ्याने कठड्याला धरून पायऱ्या उतरलीसुद्धा होती. बाहेर दारावर कोणी नव्हते. पॉपकॉर्नच्या काउंटरवरच्या मुलाने वॉकीटॉकीवरून कोणाला तरी सांगितले आणि तिकीट तपासणाराच वर धावला. दिवे मालवायला एकंदर अकरा मिनिटे गेली. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, १९१८पासून त्यांची हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी नाशकातच होती. त्यांच्या पहिल्या चित्रपटाच्या वेळी कच्च्या फिल्मला अंधारात बसून छिद्रे पाडण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी केले होते. शंभरावर वर्षांनी फाळक्यांच्या जिल्ह्यात एका बायकोला अंधार मागायला पायऱ्या उतराव्या लागल्या, हे मला बसल्या जागी सुचले. ती परतल्यावर तिला सांगितले, तर ती म्हणाली, “सुचलं ते ठीक, पण उठायला हवं होतं तुम्ही.”

खेळ सुटल्यावर व्यवस्थापक स्वतः दाराशी थांबले होते. त्यांनी सबबी न सांगता चूक कबूल केली आणि पुढच्या वेळेसाठी पॉपकॉर्नची दोन कूपने पुढे केली. पत्नीने ती परत केली आणि मध्यंतरानंतर पाच मिनिटे तरी एखादा माणूस आत उभा करा, एवढेच सांगितले. त्यांनी ते वहीत लिहून घेतले. अंमल होतो का, ते पुढच्या महिन्यात कळेल. आम्ही पुन्हा तेथेच जाणार आहोत, कारण त्या तोडीचा आवाज आम्हाला शहरात दुसरीकडे ऐकायला मिळालेला नाही. खुर्च्या मात्र कडेच्याच घेऊ, आणि दाराकडची मी.