चार वयांतल्या चार तक्रारी आणि एकच कायरोप्रॅक्टर

मुलीला पहिल्यांदा कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे मणके हातांनी दाबून-हलवून उपचार करणाऱ्याकडे, नेले तेव्हा ती ५ आठवड्यांची होती आणि शेवटचे नेले तेव्हा जवळजवळ १२ वर्षांची. या काळात आम्ही नवरा-बायको दोघेही शिकलेले, नोकरी करणारे आणि औषध देण्यापूर्वी बाटलीवरचा बारीक मजकूर वाचणारे होतो. तरीही आम्ही फसलो, आणि एकदा नव्हे तर चार वेळा, प्रत्येक वेळी मुलीच्या वयाला साजेशा नव्या कारणाने. त्या माणसाचे नाव मी येथे देत नाही, कारण मला त्याच्याविषयी नव्हे तर त्याच्या पद्धतीविषयी सावध करायचे आहे.

पहिली तक्रार रडण्याची होती. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी बाळ मुठी आवळून, गुडघे पोटाशी घेऊन, लालबुंद होईपर्यंत रडत असे आणि तीन-चार तास कशानेही शांत होत नसे. बालरोगतज्ज्ञांनी तपासून सांगितले की वजन नीट वाढते आहे, बाळ दूध पिते आहे, हा कॉलिकचा, म्हणजे निरोगी तान्ह्या बाळाच्या दीर्घ रडण्याचा, त्रास आहे आणि तो तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरेल. हे उत्तर बरोबर होते. परंतु सलग कित्येक रात्री जागून काढलेल्या आईला ‘थांबा’ हा उपचार वाटत नाही, आणि नेमक्या अशा वेळी नात्यातल्या एका ताईंनी या कायरोप्रॅक्टरचे नाव सुचवले. त्याने बाळाच्या मानेवरून बोट फिरवले आणि सांगितले की प्रसूतीच्या वेळी मानेचा वरचा मणका किंचित सरकला असून त्यामुळे नसांवर दाब येतो आहे. या सरकण्याला तो ‘सबलक्सेशन’ म्हणत असे. सहा आठवड्यांत १२ बैठका ठरल्या, आणि बाळ ११ आठवड्यांचे झाले तेव्हा रडणे खरोखरच निम्म्यावर आले होते. आम्ही त्याचे मनापासून आभार मानले.

आज मला माहीत आहे की तान्ह्या बाळांचे रडणे जन्मानंतर वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या आसपास शिगेला पोहोचते आणि मग उतरू लागते. आम्ही ५ व्या आठवड्यात गेलो होतो, म्हणजे चढ संपत आला असतानाच उपचार सुरू झाला आणि उताराचे श्रेय त्याच्या पदरात पडले. नॉर्वेमध्ये कॉलिक असलेल्या ८६ बाळांवर एक चाचणी झाली होती आणि ती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात काही बाळांच्या मणक्यांवर कायरोप्रॅक्टरने उपचार केले, तर काहींना नर्सने काही मिनिटे नुसते हातात धरले, आणि कोणत्या बाळाला काय मिळाले हे आईवडिलांना सांगितले नव्हते. दोन्ही गटांतली बहुतेक बाळे सुधारली आणि गटांमध्ये म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. नुसत्या धरलेल्या बाळांपैकीही सुमारे ६० टक्के बाळांच्या आईवडिलांनी सुधारणा झाल्याचे सांगितले होते. ते आईवडील खोटे बोलत नव्हते, आणि मीही बोलत नव्हते.

दीड वर्षाची असताना तिचा कान वारंवार ठणकू लागला. या वयात कान आणि घसा यांना जोडणारी नळी आखूड आणि आडवी असल्यामुळे सर्दी कानापर्यंत सहज पोहोचते आणि मूल वाढते तशी ही तक्रार कमी होते. आम्हाला मात्र पुन्हा मानेचा मणका दाखवण्यात आला. याच सुमारास त्याने लसी लांबणीवर टाकण्याचा सल्लाही दिला, जो आम्ही सुदैवाने ऐकला नाही. त्या सल्ल्यानेच आम्ही सावध व्हायला हवे होते.

तिसरी तक्रार अंथरूण ओले होण्याची. मुलगी ६ वर्षांची होती आणि तिला स्वतःलाच याची लाज वाटू लागली होती. पाचव्या वर्षी साधारण १५ टक्के मुले रात्री अंथरूण ओले करतात आणि त्यानंतर दरवर्षी त्यांतली सुमारे १५ टक्के मुले कोणत्याही उपचाराविना कोरडी राहू लागतात. ज्यांना खरोखर उपचार हवा असतो त्यांच्यासाठी ओलावा लागताच वाजणारा गजर आणि डॉक्टरांनी दिलेले औषध हे पारखलेले मार्ग आहेत. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. या वेळी त्याने मुलीला बूट घालूनच पालथे झोपवले, दोन्ही टाचा अंगठ्यांनी वर रेटल्या आणि मला जवळ बोलावून दाखवले की उजवा पाय बोटभर आखूड आहे. मग कमरेच्या मणक्यावर स्प्रिंगचे एक छोटे हत्यार टेकवून दोनदा ‘टक’ असा आवाज केला, पुन्हा टाचा धरल्या आणि पाय समान झाले. माझ्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट मी नाकारणार कशी? पुढे कित्येक वर्षांनी घरी पलंगावर मी स्वतः तसेच करून पाहिले. एका टाचेवर अंगठ्याचा दाब किंचित तिरका दिला की तो पाय आखूड दिसतो आणि दाब सरळ केला की दोन्ही सारखे होतात. त्यासाठी मणक्याला हात लावण्याची गरजच नसते.

आठव्या वर्षापर्यंत अंथरूण कोरडे राहू लागले आणि आमचा विश्वास पक्का झाला. तीन वेळा गुण आलेल्या माणसावर संशय घेण्याचे कारणच उरले नाही. दर महिन्याला ‘देखभालीसाठी’ जाणे ही घरातली सवय होऊन बसली. पैसे वर्षाचे आगाऊ भरले की सवलत मिळत असे, आणि ते भरून झाल्यावर मधेच सोडून देणे आम्हाला नुकसानीचे वाटत असे.

चौथी तक्रार मला दिसली. मुलगी ११ वर्षांची असताना तिचे केस विंचरताना लक्षात आले की डाव्या खांद्यापेक्षा उजवा खांदा वर आहे आणि ती पुढे वाकली की उजव्या बाजूच्या बरगड्या उंचवट्यासारख्या दिसतात. मी बालरोगतज्ज्ञांकडे न जाता सवयीने त्याच्याकडे गेले. त्याने क्ष-किरण चित्र काढले, ते उजेडाच्या पाटीवर लावले, लाल पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या आणि सांगितले की पाठीच्या कण्याला २२ अंशांचा बाक आहे, आठवड्यातून तीनदा आणा, मी सरळ करून देतो. चार महिन्यांनी दुसरे चित्र निघाले. त्यावर पुन्हा लाल रेघा आल्या आणि कोन १७ अंशांवर आल्याचे त्याने सांगितले. त्या संध्याकाळी घरी सगळ्यांना किती आनंद झाला होता हे आठवले की मला आजही त्रास होतो.

मुलीचे कपडे मात्र एका बाजूला अधिकाधिक उतरू लागले होते. आणखी तीन महिन्यांनी तिच्या आत्याने हट्टाने आम्हाला अस्थिरोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी नवे चित्र काढले आणि कोन ३६ अंश भरला. आम्ही जुनी दोन्ही चित्रे पुढे ठेवली. पहिल्यावरचा २२ अंशांचा कोन बरोबर होता. दुसऱ्या चित्रावर त्यांनी पट्टी ठेवली आणि दाखवले की बाकाच्या दोन्ही टोकांचे सर्वांत जास्त कललेले मणके धरून हा कोन मोजायचा असतो, परंतु लाल रेघ त्याऐवजी खालच्या, कमी कललेल्या मणक्यावरून ओढलेली आहे. योग्य मणक्यांवरून मोजले तेव्हा त्याच चित्रात २९ अंश निघाले. ज्या दिवशी आम्ही आनंद साजरा केला त्या दिवशी बाक सात अंशांनी वाढलेला होता.

येथे मला सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. पहिल्या तिन्ही तक्रारी अशा होत्या की ज्यांत काळ मुलांच्या बाजूने असतो, त्यामुळे काहीही केले किंवा काहीच केले नाही तरी बहुतेक मुले बरी होतात. चौथ्या तक्रारीत काळ मुलीच्या विरुद्ध होता. वयात येताना उंची झपाट्याने वाढते तेव्हाच स्कोलिओसिसचा, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वाकण्याच्या विकाराचा, बाक सर्वांत वेगाने वाढण्याचा धोका असतो, आणि २५ ते ४० अंशांच्या दरम्यान, हाडांची वाढ बाकी असेपर्यंत, ब्रेस, म्हणजे धडाभोवती आवळून घालायचा कडक आधार, उपयोगी पडतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ब्रेस वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या खाली राहिला, तर नुसते लक्ष ठेवलेल्या गटात हे प्रमाण ४८ टक्के होते, आणि दिवसातून जितके जास्त तास ब्रेस घातला तितका फायदा अधिक होता. आमच्या मुलीचा बाक २२ अंशांवर असताना डॉक्टरांनीही बहुधा काही महिने लक्षच ठेवले असते, परंतु २५ अंश ओलांडताच ब्रेस सुरू झाला असता. कोन तिथेच थांबला असता असे डॉक्टरांनी म्हटले नाही आणि मीही म्हणत नाही. ती संधी मात्र आमच्या मुलीला वेळेवर मिळाली नाही.

नंतर मी जे वाचायला हवे होते ते वाचले. कायरोप्रॅक्टिकची सुरुवात १८९५ मध्ये अमेरिकेतील डॅव्हनपोर्ट येथे डॅनियल डेव्हिड पामर यांनी केली आणि बहुतेक आजारांचे मूळ सरकलेल्या मणक्यांत आहे, ही कल्पना त्यांचीच. ब्रिटनमध्ये या व्यवसायाचे नियमन करणाऱ्या परिषदेनेच २०१० मध्ये स्पष्ट केले की सबलक्सेशन ही एक ऐतिहासिक संकल्पना आहे आणि ते आजाराचे कारण असल्याच्या दाव्याला संशोधनाचा आधार नाही. ऑस्ट्रेलियातील कायरोप्रॅक्टिक मंडळाने २०१९ मध्ये २ वर्षांखालील मुलांच्या मणक्यांवर असे उपचार करू नयेत असे धोरण जाहीर केले. मुलांना झालेल्या अपायांच्या नोंदींचा एक आढावा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात थेट इजेची १४ प्रकरणे होती, त्यांपैकी ९ गंभीर, आणि त्याखेरीज २० प्रकरणे अशी होती की ज्यांत मधुमेह किंवा कर्करोगासारख्या आजाराचे निदान लांबले किंवा मेंदूज्वरासारख्या गंभीर आजारात मणक्यांवर उपचार केले गेले. थेट इजेपेक्षा ही दुसरी संख्या मोठी आहे, आणि आमची मुलगी त्याच वाटेने गेली. मोठ्या माणसांच्या कंबरदुखीत अशा उपचारांनी काहींना थोडा आराम पडतो हे खरे आहे, पण त्या अनुभवावरून मुलाला तिथे नेऊ नये. लहान मुलांच्या मणक्यांचा बराचसा भाग कूर्चेचा असतो आणि मानेच्या दुसऱ्या मणक्याचे मुख्य भाग एकमेकांशी जुळायलाच साधारण ३ ते ६ वर्षे लागतात.

रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, पाठदुखीबरोबर ताप, चालण्यात बदल, हातापायांत अशक्तपणा, किंवा कित्येक महिने कोरड्या राहिलेल्या मुलाचे अंथरूण पुन्हा ओले होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. नावापुढे ‘डॉक्टर’ लिहिणाऱ्याला त्याची पदवी नेमकी कशाची आहे हे विचारायला संकोच करू नका, आम्ही इतक्या वर्षांत एकदाही विचारले नाही. एकाच कारणाने पोट, कान, मूत्राशय आणि पाठ या सगळ्यांची दुखणी होतात असे सांगणाऱ्याकडून उठून यावे. क्ष-किरण चित्र काढले असेल तर त्याची प्रत घेऊन दुसऱ्याकडून मोजून घ्यावे.

उरलेले पैसे मागायला गेलो तेव्हा त्याने मी पहिल्या दिवशी सही केलेला कागद काढून दाखवला. त्यात लिहिले होते की येथे कोणत्याही आजाराचे निदान किंवा उपचार केले जात नाहीत, केवळ सबलक्सेशन दुरुस्त केले जाते. झालेल्या बैठका सवलतीविना धरून त्याने हिशेब केला आणि हातात जवळजवळ काहीच आले नाही. आम्ही लेखी तक्रार केली आहे आणि सोबत दोन्ही चित्रे जोडली आहेत.

मुलगी आता दिवसाचे १८ तास ब्रेस घालते. गेल्या तपासणीत कोन ३७ अंश होता आणि पुढची तपासणी चार महिन्यांनी आहे. रात्री झोपण्यापूर्वी पहिले दोन पट्टे ती स्वतः आवळते आणि तिसरा, जो पाठीमागे फार वर आहे, तो आवळण्यासाठी मला हाक मारते.