साडेसातचे पोहे आणि साडेनऊचे पोहे: कोपऱ्यावरच्या नाश्ता सेंटरचा आठ महिन्यांचा अनुभव

डिसेंबरात आम्ही कोथरूडला राहायला आलो आणि दुसऱ्याच रविवारी बाबांना घेऊन घराजवळच्या नाश्ता सेंटरमध्ये गेलो. सहा टेबलं, दारातच कढई, भिंतीवर खडूने भाव लिहिलेला फळा. नाव मुद्दाम लिहीत नाही. माणसं सभ्य आहेत, त्यांचं पोट त्यावर आहे. पण आठ महिने जवळपास दर रविवारी तिथे खाल्ल्यावर जे वाटतं ते सांगायला हवं.

त्या पहिल्या दिवशीचे पोहे मला अजून आठवतात. जाड पोहे, धुऊन नीट निथळलेले, एकेक सुटा आणि तरीही मऊ. शेंगदाणे खमंग, वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. झाकण ठेवून चांगली वाफ आणली की जो ओलावा येतो, तो घासाघासाला लागत होता. बाबांनी दुसरी प्लेट मागवली. घराजवळ अशी जागा मिळाली म्हणून मी खरंच खूश झालो होतो.

मग कधी नाश्ता छान लागायचा, तर कधी घशाखाली उतरायचा नाही. आधी वाटलं, आचारी बदलला असेल. फेब्रुवारीत कधीतरी लक्षात आलं की आचारी तोच आहे, फरक वेळेचा आहे. सकाळी सहाला एकदाच मोठं पातेलं भरून पोहे होतात आणि तेच अकरापर्यंत पुरवतात. साडेसातला गेलात तर उत्तम. नऊनंतर तेच पोहे वातड झालेले असतात, शेंगदाणे मऊ पडलेले, कांद्याला उग्र वास. उपीट तर वडीसारखं कापून वाढावं लागतं. एकादशीला साबुदाण्याची खिचडी असते, तिचं त्याहून वाईट. साबुदाणा निवला की घट्ट होतो, पुन्हा गरम केला की चिकटतो. आषाढीला आमच्या ताटात आला तो एक अख्खा गोळा. उपास असलेल्या माणसाला दुसरं काही मागवताही येत नाही.

वड्यांकडे मी एप्रिलनंतर वळलोच नाही. तळणीच्या तेलातले ध्रुवीय घटक, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात साठत जाणारे खराब घटक, २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०१८पासून आहे. गिऱ्हाईकाला ते मोजता येत नाही, पण कढईतला फेस, काळपट रंग आणि खाल्ल्यावर तासभर घशाशी येणारी जळजळ कळते.

सगळ्यात जास्त मन मोडलं ते मिसळीने. जूनच्या शेवटच्या रविवारी पावसामुळे निघायला उशीर झाला, पोहोचलो तेव्हा पावणेदहा वाजले होते. बाबांची मिसळ आली. वर फरसाण, तर्री लालभडक, सॅम्पलची वाटी वाफाळती. बाबा अर्ध्यावर आले आणि चमचा तसाच धरून थांबले. मटकी उचलली की तिला तार येत होती. मी वास घेतला, तर आंबूस. मोड आलेल्या मटकीची उसळ पावसाळ्याच्या दमट हवेत रात्रभर बाहेर राहिली की अशी होते. कट उकळता आणि तिखट असल्यामुळे पहिल्या घासांना कळत नाही. पोऱ्याने लगेच प्लेट बदलली, पण नवी प्लेट त्याच पातेल्यातून भरली. गल्ल्यावरचे काका म्हणाले, ‘सकाळचीच आहे हो.’ मिसळीचे पैसे मात्र घेतले नाहीत. बाबांचं पोट दोन दिवस बिघडलं. ते ७४ वर्षांचे आहेत, मला त्या दोन दिवसांत फार काळजी वाटली.

थालीपीठ मात्र आजही चांगलं मिळतं, कारण ते सांगितल्यावरच तव्यावर पडतं. भाजणी खमंग, सोबत लोण्याचा गोळा. चहाही आल्याचा, ताजा. तेव्हा हात वाईट नाही. वाईट आहे ते सकाळी एकदाच सगळं उरकून टाकणं.

पुढच्या आठवड्यात मी काकांशी मुद्दाम बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, दुसऱ्यांदा कढई चढवायची तर एक माणूस जास्त लागतो, गर्दीच्या वेळी त्याला तिथे उभं राहायलाही जागा नाही. अडचण खरी आहे. मी म्हटलं, पोह्यांचे दहा रुपये वाढवा, मी देईन, पण साडेआठला दुसरे पोहे टाका आणि पावसाळ्यात मटकी रोजची रोज शिजवा. ‘बघतो,’ म्हणाले.

त्याला पाच आठवडे झाले. परवा साडेनऊला डोकावलो. तेच मोठं पातेलं, पोहे तळाला गेलेले, आणि पोऱ्या त्यावर पाण्याचा हबका मारून ढवळत होता.