सिनसिनाटी की सेंट लुइस? एकच वीकेंड असेल तर

इंडियानापोलिसहून सिनसिनाटी गाडीने दोन तासांच्या आत येतं, सेंट लुइसला चारच्या आसपास लागतात. दोन्ही शहरांच्या बेसबॉल संघांची, म्हणजे सिनसिनाटीच्या रेड्सची आणि सेंट लुइसच्या कार्डिनल्सची, स्वतःच्या दिग्गजांचा गौरव करणारी संग्रहालयं म्हणजे हॉल ऑफ फेम आहेत. अंतर बघितलं तर निवड रेड्सच्या हॉल ऑफ फेमची व्हायला हवी. तरीही भारतातून आई-वडील आले आहेत, घरात क्रिकेट-बेसबॉल दोन्हीचं वेड आहे आणि मोकळा वीकेंड एकच आहे असं कुणी म्हणालं, तर मी बहुतेक वेळा कार्डिनल्सचं नाव सुचवतो. अर्थात, सिनसिनाटीची बाजू हलकी नाही, म्हणून आधी तीच मांडतो.

व्यावसायिक बेसबॉलची गोष्टच मुळी या शहरातून सुरू होते. १८६९ साली सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा उघडपणे सगळ्या खेळाडूंना पगार देणारा पहिला संघ ठरला. पुढे १९३५ च्या मे महिन्यात मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेचा, पहिला रात्रीचा सामना झाला तोही इथल्याच क्रॉस्ली फील्डवर. रेड्सनी स्वतःचा हॉल १९५८ पासून चालवला आहे आणि २००४ मध्ये त्याला ग्रेट अमेरिकन बॉल पार्कला लागून हक्काची जागा मिळाली. जागा ऐसपैस आहे, मांडणी शांतपणे वाचत जावी अशी. १९७५ आणि १९७६ अशी सलग दोन विजेतेपदं मिळवणारी ‘बिग रेड मशीन’, म्हणजे रेड्सचा त्या काळातला संघ, ज्यांना आवडते, त्यांचा वेळ तिथे कसा जातो ते कळत नाही.

पण सिनसिनाटीचं खरं मोठेपण मला जिन्यापाशी जाणवतं. तिथे चेंडूंची उंच भिंत आहे: ४,२५६ चेंडू, रेड्सच्या दिग्गज पीट रोझच्या प्रत्येक हिटसाठी (बेसवर पोहोचवणाऱ्या फटक्यासाठी) एक. स्कोअरकार्डवरचा आकडा आपण वाचून पुढे जातो. इथे मान वर करून तो बघावा लागतो. सट्टेबाजीमुळे १९८९ मध्ये रोझवर आजीवन बंदी आली आणि कूपर्सटाउनच्या राष्ट्रीय हॉल ऑफ फेमचं दार त्याला बंद झालं. रेड्सनीही अनेक वर्षं त्याला आपल्या हॉलबाहेर ठेवलं आणि २०१६ मध्ये आत घेतलं. २०२४ मध्ये तो गेला, त्यानंतर २०२५ मध्ये त्याचं नाव अपात्रांच्या यादीतून निघालं. राष्ट्रीय हॉल आणि गावाचा हॉल यांत फरक काय, हे या एका माणसाच्या निमित्ताने जितकं समजतं तितकं दुसऱ्या कशाने समजत नाही. गावाने त्याचा खेळ लपवला नाही, हे मला मनापासून पटतं.

सेंट लुइसचा प्रवास वेगळा. तिथे वस्तू आधी जमल्या, हॉल नंतर आला. १९९७ पासून कार्डिनल्सचा संग्रह बोलिंगच्या हॉल ऑफ फेमच्या इमारतीत नांदत होता. २००८ मध्ये ती जागा बंद झाली आणि काही वर्षं चाहत्यांना काहीच बघायला मिळालं नाही. २०१४ मध्ये बुश स्टेडियमसमोरच्या बॉलपार्क व्हिलेजमध्ये नवं संग्रहालय उघडलं आणि क्लबचा स्वतःचा हॉल ऑफ फेमही त्याच वर्षी सुरू झाला. अलीकडच्या खेळाडूंची निवड चाहत्यांच्या मतांनी होते, निवड झालेल्याला लाल कोट मिळतो. अकरा वर्ल्ड सिरीज (मेजर लीगची अंतिम लढत) जिंकलेल्या संघाकडे दाखवायला काय कमी असणार! तरी जागा रेड्सपेक्षा लहान आहे, आणि खाली-शेजारी खाण्यापिण्याची वर्दळ असल्यामुळे सिनसिनाटीसारखी शांतता तिथे मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

मग पारडं सेंट लुइसकडे का झुकतं? काचेमुळे.

खेळाच्या कुठल्याही संग्रहालयात मला काच खुपते. फोटो काढावा तर त्यात आपलाच फोन दिसतो, ही तक्रार लहान. मोठी तक्रार अशी की खेळाच्या वस्तू डोळ्यांसाठी बनवलेल्याच नसतात. रेड्सचा कॅचर (यष्टिरक्षकासारखा) जॉनी बेंच एका हातात सात चेंडू धरायचा हे वाचलं की कॅचरच्या मिटमध्ये, म्हणजे जाड हातमोज्यात, आपला हात घालून बघावासा वाटतो, आणि बरोबर तिथेच काच आडवी येते. बॅटचं तर विचारूच नका. टांगलेली बॅट नुसतं लाकूड असते. ती तोलून पाहिल्याशिवाय बॅट होत नाही. ज्याने आयुष्यभर विलोची बॅट निवडताना दुकानात उभं राहून दहा बॅटी हातात घेतल्या, त्याला हे समजावून सांगायला नको.

काचेची कपाटं सेंट लुइसलाही आहेतच. पण तिथे एका ठिकाणी कार्डिनल्सच्या दिग्गजांनी प्रत्यक्ष वापरलेल्या बॅटी कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली आपल्या हातात दिल्या जातात. कार्डिनल्सचा महान फलंदाज स्टॅन म्यूझियलच्या ३,६३० हिट्सपैकी १,८१५ घरच्या मैदानावर आणि नेमक्या तितक्याच बाहेर झाल्या, हे मला आधीपासून पाठ होतं. पण बॅट हातात आल्यावर आकडे मागे पडतात. वजन टोकाकडे ओढतं, मूठ क्रिकेटच्या मानाने फारच बारीक लागते, आणि इतक्या निमुळत्या गोल लाकडाने ताशी दीडशे किलोमीटरचा चेंडू कसा मारायचा हा प्रश्न मनगटाला पडतो. बेसबॉलमध्ये फारसा रस नसलेले ज्येष्ठही इथे थांबतात, उजव्या-डाव्या पकडीची चौकशी करतात आणि मग कार्डिनल्सचा पिचर (गोलंदाज) बॉब गिब्सनच्या १९६८ च्या, दर नऊ डावांमागे दिलेल्या धावांच्या १.१२ सरासरीपाशी खरोखर थबकतात. फलंदाजाला काय सोसावं लागलं असेल याचा अंदाज तोवर हातांना आलेला असतो. त्या हंगामानंतर पिचरचा उंचवटा पंधरा इंचांवरून दहावर आणला गेला, ही माहिती मग त्यांना कोरडी वाटत नाही.

हे माझ्या आवडीचं झालं. तुम्हाला इतिहास क्रमाने वाचायला आवडत असेल, रोझबद्दल कुतूहल असेल किंवा बरोबरच्या लहान मुलांना चार तास गाडीत बसवणं अवघड असेल, तर सिनसिनाटीला जा. मन नक्की भरेल.

सेंट लुइस ठरलं तर संध्याकाळचा सामना असलेला दिवस घ्या, पण संग्रहालयात सकाळीच पोहोचा. करंडक नंतर बघता येतील. त्या दिवशी कुणाकुणाच्या बॅटी बाहेर काढल्या आहेत ते आधी विचारा, आणि बॅट हातात आली की फोटोची घाई करू नका.