जिन्याखालची खोली आणि टोर्नेडो: नऊ महिन्यांनंतर

टोर्नेडो म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणारी, जोरात फिरणारी वाऱ्याची सोंड. त्याला ‘चक्रीवादळ’ म्हणून मोकळं होऊ नका. चक्रीवादळाची चाहूल दोन-तीन दिवस आधी लागते. टोर्नेडोचा इशारा आल्यावर हातात जेमतेम दहा-पंधरा मिनिटं असतात, कधी तेवढीही नसतात.

आमच्याकडे तळघर नाही, म्हणून आसऱ्यासाठी तळमजल्यावरची जिन्याखालची अडगळीची खोली ठरवली. खिडकी एकही नाही आणि बाहेरची भिंतही नाही. नऊ महिन्यांत दोनदा खरोखर आत बसलो.

पहिल्यांदा रात्री पावणेतीनला. फोन सायलेंटवर होता, जाग आली ती हवामान रेडिओमुळे. एरवी मुका असतो, इशारा आला की बोंबलतो. त्याच्या चाचणीच्या आवाजाला वैतागून मी तो विकायला काढला होता! हँडल फिरवून चार्ज करायची सोय मात्र नावालाच. हात भरून येतो आणि रेडिओ दहा मिनिटांत मान टाकतो. सुट्टे सेल ठेवाच.

खोली रिकामी केली होती, पण अडगळ हळूच परत आली होती. इस्त्रीचं टेबल, खोकी, मुलाची सायकल. आत शिरायलाच चार मिनिटं गेली. त्यात मी अंगावर घ्यायला डबलबेडची गादी ओढत आणली, ती दारात अडकली. सासरे वरून ओरडत होते, “खिडक्या उघडा, नाहीतर दाबानं घर फुटेल!” ही जुनी समजूत चुकीची आहे, उघड्या खिडकीतून वारा आणि मोडतोडच आत येते, शिवाय त्यात वेळ जातो तो वेगळाच.

आता आत दोन जाड गोधड्या, पाणी, शिट्टी, टॉर्च आणि प्रत्येकाचे जुने बूट आहेत. बूट मी आधी विसरलेच होते. वादळानंतर काचा-खिळ्यांतून अनवाणी कुठे जाणार? सगळ्यांत कामाची निघाली सायकलची हेल्मेटं. उडून येणाऱ्या वस्तूंनीच जास्त इजा होते, आणि हेल्मेटं घरात होतीच.

तरी ही खोली म्हणजे सेफ रूम नव्हे. अमेरिकेत फेमा या सरकारी आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या निकषांनुसार अशा खोल्या ताशी 250 मैलांच्या, म्हणजे सुमारे 400 किलोमीटरच्या वाऱ्यासाठी बांधतात. आमच्या जिन्याकडून ती अपेक्षा नाही. मोबाइल होममध्ये, म्हणजे कारखान्यात बनवून आणून ठेवलेल्या हलक्या घरात राहत असाल तर अशी खोली शोधूच नका, आधीच पक्क्या इमारतीत जा.

दुसऱ्यांदा, भर दुपारी, मिनिटभरात सगळे आत होतो. मांजर सोडून. ते दोन्ही वेळा पलंगाखालीच बसलं.