आजोबांची दुनळी: घरी निगा राखायची की कारागिराकडे द्यायची?

नाशिक जिल्ह्यातल्या वाड्यांतून, मळ्यांतून अजूनही एखादी बारा बोअरची दुनळी सापडते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आणि त्याच्या १९९१च्या दुरुस्तीनं शिकार बंद झाली, पण परवान्यासह बंदूक घरात राहिली. कुणाकडे ती पीक राखायला आहे, कुणाकडे बिबट्याच्या धाकानं, कुणाकडे नुसती आजोबांची आठवण म्हणून. पिढी बदलली की कपाट उघडतं, नळीवर तांबूस पुटं दिसतात आणि घरात वाद सुरू होतो: आपणच घासूनपुसून नीट करू, की परवानाधारक दुकानात देऊ?

त्याआधी परवाना कुणाच्या नावावर आहे ते बघा. आजोबा वारले आणि परवाना त्यांच्याच नावावर असेल, तर घासणं-पुसणं लांबच राहिलं. बंदूक आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची आणि वारसाच्या नावे अर्ज करायचा. २०१६च्या शस्त्र नियमांत वारसांसाठी तशी सोय आहे. शहरात राहत असाल तर अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो, निफाड-दिंडोरीकडे असाल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, हेही हिशेबात धरा.

दुसरी गोष्ट, १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्रदुरुस्तीच्या धंद्याला वेगळा परवाना लागतो. म्हणून गल्लीतल्या लेथवाल्याकडे बंदूक न्यायची नाही, तो कितीही हुशार असला तरी. परवान्याशिवाय नळी आखूड करणं तर सरळ गुन्हा आहे. पुसणं, तेल देणं, लाकूड जपणं ही मालकाची निगा. चाप, घोडा, कुलूप (बार उडवणारी आतली यंत्रणा) आणि नळीचं पोलाद हे कारागिराचं काम.

कुठलं काम कुणाचं, हे ठरवायला आधी बंदूक तपासावी लागते, आणि तपासणी घरी होते. बंदूक बिजागरीत उघडून दोन्ही चेंबर, म्हणजे काडतूस बसायच्या जागा, रिकामे आहेत ना, हे डोळ्यांनी बघा आणि बोटानंही चाचपा. काडतुसं तोवर दुसऱ्या खोलीत, कुलपात. मग नळ्यांखालचं लाकूड, म्हणजे फोरएंड, काढून नळ्या सुट्या करा. खालच्या आकड्याला दोरी बांधून त्या लोंबत्या धरा आणि बोटाच्या पेरानं टिचकी मारा. घंटेसारखा नाद घुमला तर दोन नळ्यांमधली पट्टी घट्ट आहे. आवाज भद्द आला तर पट्टीचा डाग, म्हणजे सोल्डर, कुठेतरी सुटलाय. पुढे नळीतून खिडकीच्या उजेडाकडे बघा. आतल्या कडा एकसारख्या गोल दिसल्या तर ठीक, कुठे सावली मोडली तर तिथे पोचा. भद्द आवाज आणि पोचा, या दोन्हींवर घरी उपाय नाही. तशा बंदुकीतून बारही काढायचा नाही.

गंजाच्या बाबतीत घरची बाजू भक्कम आहे. वरवरचा तांबूस गंज तेलात भिजवलेल्या सर्वांत बारीक स्टील वूलनं, म्हणजे चार शून्याच्या, हलक्या हातानं निघतो आणि खालचा काळसर रंग बराचसा वाचतो. पॉलिश पेपर मात्र लांब ठेवा. त्यानं गंजाबरोबर रंग जातो, वर कोरलेली नक्षी आणि कारखान्याचे शिक्केही पुसट होतात. नळीच्या आत ब्राँझचा ब्रश, शक्यतो चेंबरच्या बाजूनं. देवळालीकडे कुणी निवृत्त तोफखानेवाले ओळखीचे असतील तर त्यांच्याकडून पुल-थ्रू (नळीतून ओढायची दोरी) आणि चिंदीचं तंत्र शिकून घ्या. फौजेत हत्यार साफ करायला जी शिस्त लावतात, ती पुस्तक वाचून येत नाही. ठासणीची बंदूक असेल तर नुसत्या तेलानं भागत नाही. काळ्या दारूची राख पाण्यात विरघळते, म्हणून आधी गरम पाणी, मग कोरडं फडकं, आणि तेल शेवटी.

रंग पार उडालाय आणि नळ्या पुन्हा काळ्या करायच्यात, तर काम कारागिराकडेच जातं. तिथेही कसा कारागीर, हे बघावं लागतं. दुनळीच्या पट्ट्या बहुधा कथिल-शिशाच्या डागानं जोडलेल्या असतात. कॉस्टिकच्या क्षारांचं सुमारे १४० अंशांचं गरम द्रावण हा डाग खातं. एकनळी रायफलीला चालणारी ही पद्धत दुनळीवर वापरली तर नळ्या दिसतात छान, पण काही दिवसांनी पट्टी सुटते. दुनळीला जुनी संथ रीतच हवी: नळीवर मुद्दाम बारीक गंज आणायचा, उकळत्या पाण्यात तो काळा करायचा, ब्रशनं झाडायचा, आणि हेच पुन्हापुन्हा. कारागिराला विचारा, ‘दुनळी कशी काळी करता?’ तो ‘टाकीत बुडवून’ म्हणाला तर बंदूक उचला आणि घरी या. बाटलीतून मिळणारं थंड रसायन घरी वापरता येतं, पण ते ओरखड्यापुरतं. पूर्ण नळीवर ठिपक्याठिपक्यांचं दिसतं आणि लवकर उडतं.

लाकडाचं काम मी तरी घरीच ठेवीन. जुना अक्रोडाचा दस्ता वाळून पांढरट पडला असेल तर जवसाचं तेल पुरतं. दोन-तीन थेंब तळहातावर घेऊन, लाकूड गरम होईस्तोवर चोळायचं आणि उरलेलं पुसून घ्यायचं. असे पातळ हात, मध्ये दिवस सोडून. चकचकीत वार्निशनं फर्निचर शोभतं, दस्ता नाही, आणि ओरखडा पडला की सगळं खरवडावं लागतं. एक धोका मात्र खरा आहे: जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून टाकली तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. दस्त्याला तडा असेल, किंवा धातूला टेकतो तिथलं लाकूड वर्षानुवर्षं तेल मुरून मऊ पडलं असेल, तर मात्र दुकान गाठा.

पेचांना हात लावायचा मोह आवरा. इंग्लिश बंदुकांच्या पेचांच्या खाचा इतक्या अरुंद असतात की बाजारातला स्क्रू ड्रायव्हर त्यांत बसतच नाही. घसरला की नक्षीवर कायमचा ओरखडा. अशा बंदुकीची किंमत तिच्या मूळपणात असते, नवी दिसण्यात नाही.

एवढं बघून निवड करायची तर बंदुकीच्या जातीवरून करा. ऑर्डनन्स फॅक्टरीची दुनळी किंवा इशापूरची .३१५ रायफल चालू स्थितीत असेल तर घरची निगा पुरे. जुनी इंग्लिश किंवा बेल्जियन असेल तर आधी शिक्के वाचून घ्या. नायट्रो प्रूफचा, म्हणजे आजच्या बिनधुराच्या दारूसाठी नळी तपासल्याचा, शिक्का नसेल, किंवा नळीवर वळणावळणाची दमास्कस नक्षी असेल, तर आजची काडतुसं तिच्यात घालायची नाहीत. नायट्रो असूनही चेंबर बरेचदा ६५ मिलिमीटरचं निघतं आणि काडतूस ७० चं. ते बिनतक्रार आत बसतं, फसगत होते ती तिथेच. अशी बंदूक एकदा परवानाधारकाकडून मापून घेतल्याशिवाय वापरू नका.

दुकानात नेताना मूळ परवाना सोबत हवा, बंदूक रिकामी आणि खोळीत, आणि देताना पावती. कारागीर मुंबई-पुण्याचा असेल तर परवान्यावर क्षेत्र जिल्हा, महाराष्ट्र की भारत लिहिलंय ते आधी बघा.

राहिली साठवण. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात कापडी किंवा चामडी खोळ ओल धरून ठेवते आणि बंदूक आतल्या आत गंजते. खोळ प्रवासापुरती. घरी कुलूपबंद लोखंडी कपाट, आत सिलिका जेल, आणि बंदूक शक्यतो तोंड खाली करून, म्हणजे तेल दस्त्यात उतरत नाही. हाताळून झाली की बोटांचे ठसे पुसा, घामातलं मीठ पोलादाला सोडत नाही.

निवडणुकीत बंदूक जमा करायला सांगितली तर ती महिनोन्‌महिने दुसऱ्याच्या कोठडीत पडून राहते. २०२४ला लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षात आल्या. जमा करण्याच्या आदल्या दिवशी नळीत आणि वरून नेहमीपेक्षा जाड तेलाचा हात द्या. परत आणल्यावर ते सगळं पुसून, नळीतून एकदा उजेडाकडे बघूनच ती कपाटात ठेवा.