पॉम्पेईतील वेत्तींचे घर : मार्गदर्शकासह फेरी

दीर्घ दुरुस्तीनंतर जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा खुल्या झालेल्या या प्राचीन रोमन घराची फेरी पैसे वसूल करून देते, मात्र त्याचे श्रेय मार्गदर्शकापेक्षा भिंतींनाच द्यावे लागेल. घराचे मालक, वेत्तिउस कोन्विवा आणि वेत्तिउस रेस्तितुतुस, हे बहुधा गुलामगिरीतून मुक्त होऊन व्यापारात गबर झालेले असावेत, असे अभ्यासक मानतात. जन्माने न मिळालेला मान त्यांनी जणू भिंतींवर रंगवून घेतला. दारातच प्रियापस हा सुफलतेचा देव आपले लिंग पैशांच्या थैलीशी तोलताना दिसतो (आमच्या गटातील एक आजी तेथून लगबगीने पुढे सरकल्या), आणि आत शिरताच दर्शनी दालनात तिजोरीच्या पेट्या नजरेत भरतात.

खरे वैभव मात्र मोठ्या दालनातील लाल भिंतींवरच्या अरुंद काळ्या पट्टीत आहे. तेथे चिमुकले पंखधारी बालक सोनारकाम करतात, अत्तर बनवतात, कापड धुतात. श्रमाचे हे लाडिक रूप पाहुण्यांसाठी होते, राबणाऱ्यांसाठी नव्हे. महागडे रंग कंत्राटदाराने नव्हे, तर घरमालकाने पुरवायचे असत, असे रोमन लेखक प्लिनी नोंदवतो. त्यामुळे भिंतीचा रंग पाहूनच यजमानाच्या ऐपतीचा अंदाज येत असणार.

तक्रार एकच. नोकरांच्या छोट्या चौकातील देव्हाऱ्याचे, खाली सर्प असलेले चित्र मार्गदर्शकाने अर्ध्या मिनिटात उरकले, आणि आम्हाला स्वयंपाकघराकडे डोकावण्याइतकीही उसंत मिळाली नाही.