आंब्याच्या कलमांवर आणि चिऱ्याच्या भिंतीवर चढणाऱ्यांसाठी सुरक्षा-साहित्य: रत्नागिरीतल्या एका दुकानाचा अनुभव

दुकानाचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारही आहे. रत्नागिरीत एमआयडीसीकडे जाताना लागतं, एवढं पुरे.

आमची पावस भागात हापूसची जुनी कलमं आहेत. शिवाय बागेच्या वरच्या अंगाला पाहुण्यांसाठी चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, दोन खोल्या बांधायला काढल्यात. बागेत नेपाळी राखणदार असतात. मोहोराच्या आधी येतात, आंबा संपला की गावाला जातात. खोल्यांवर विजापूरकडचे गवंडी, आणि त्यांच्याच घरातल्या बायका बिगारी म्हणून. यातल्या कोणाचंही इथे मागेपुढे बघणारं माणूस नाही. तेव्हा साहित्य आपण आणायचं आणि मजुरीतून एक पैसा कापायचा नाही, हे घरात आधीच ठरलं होतं.

मला मुख्य हवा होता चढणाऱ्याला पडण्यापासून वाचवणारा पट्टा. काढणीच्या दिवसांत दरवर्षी कुठून ना कुठून ऐकू येतंच, अमक्याच्या बागेत गुरखा पडला. (गावात सगळ्यांना सरसकट ‘बहादूर’ म्हणतात. माणसाचं खरं नाव दवाखान्यात केसपेपर काढताना कळतं.) दुकानात भिंतीवर अंगभर पट्टे (सेफ्टी हार्नेस) टांगलेले, आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा शिक्का असलेले. शेजारी नुसता कमरेचा पट्टाही होता, निम्म्याहून कमी किमतीत. मी तो हातात घेतला तर दुकानदार म्हणाले, “काकी, तो ठेवा. खांबाला टेकून उभं राहायला ठीक आहे. पण माणूस पडला आणि त्यावर लटकला, तर सगळा झटका कमरेत बसतो.”

मग त्यांनी विचारलं, “झाड किती उंच?” हा प्रश्न मला दुसऱ्या कुठल्याही दुकानात कोणी विचारला नव्हता. मी सांगितलं, जुनी कलमं तीस-चाळीस फूट, पण माणूस उभा राहतो तो बहुतेक पंधरा-वीस फुटांवर. त्यांनी बिलाच्या मागच्या बाजूला हिशोब मांडला. पट्ट्याबरोबर झटका शोषणारी दोरी मिळते, ती साधारण सहा फुटांची. माणूस पडला की तिची शिवण उसवत जाते आणि दोरी आणखी साडेपाच-सहा फूट लांबते. पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत पाच फूट, शिवाय पायाखाली थोडी मोकळी जागा. म्हणजे दोरी जिथे बांधली तिथून खाली वीसेक फूट मोकळे असतील तरच ती माणसाला वाचवणार. पंधरा फुटांवरच्या फांदीला ती बांधून चढलेला माणूस दोरी पुरती ताणली जायच्या आत खालच्या दगडी गडग्यावर आपटलेला असेल! ही दोरी शहरातल्या दहा मजली इमारतीसाठी आहे, आंब्यासाठी नाही. दीड हजाराची वस्तू त्यांनी आपणहून गळ्यात मारली नाही, यासाठी माझ्याकडून पूर्ण गुण.

त्याऐवजी त्यांनी अंगभर पट्टा, आखूड-लांब करता येणारी जाड दोरी आणि फांदीला वेढा घालायला पट्टीचे दोन फास दिले. वापर असा: फास कायम डोक्याच्या वरच्या फांदीला, दोरी ताणलेली, ढील नाही. जागा बदलताना दुसरा फास आधी लावायचा, मगच पहिला सोडायचा. फांदी मात्र ठोकून बघावी लागते. आंब्याची फांदी बाहेरून मांडीएवढी दिसते आणि आतून खोडकिड्याने पोखरलेली असते. आणखी एक गोष्ट दुकानदारांनी दोनदा बजावली: पट्ट्यात लटकलेल्या माणसाला तसंच ठेवायचं नाही, मांड्यांच्या पट्ट्यांनी रक्त अडतं, काही मिनिटांतच खाली घ्यायचा. त्यामुळे चढणारा एकटा नको, खाली दुसरा माणूस आणि शिडी हवीच. एकदा झटका खाल्लेला पट्टा पुन्हा वापरायचा नाही, तो कापून टाकायचा.

बागेत काय झालं? थोरले राखणदार, आमचे दाजू (नेपाळीत थोरला भाऊ), पहिल्यांदा वैतागले. झेला (आंबे काढायची जाळीची काठी) सांभाळायचा, करंडी सांभाळायची, त्यात ही दोरी. धाकट्याला लगेच जमली. आता पावसाळी पिसाट वाऱ्याआधीच्या शेवटच्या काढणीत थोरले स्वतःहून मागतात. खरं सांगायचं तर पट्ट्याइतकाच उपयोग दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या नूतन झेल्याचा झाला. देठासकट आंबा खालूनच काढता येतो, खालच्या घेरासाठी चढावंच लागत नाही. तो या दुकानात मिळत नाही, पण पट्ट्याआधी तो घ्या. आणि हो, खारा वारा. समुद्राच्या बाजूच्या बागेत पट्ट्याच्या कड्यांना एका हंगामात गंज धरतो. साध्या पाण्याने धुवून सावलीत वाळवायचा. उन्हात किंवा पत्र्याखाली टांगून ठेवला तर पट्टीचा धागाच कमजोर होतो.

फवारणीचं साहित्य ही दुकानाची सगळ्यात चांगली बाजू. आंब्याची फवारणी वरच्या दिशेने. तुडतुड्यांचं औषध पंपाच्या नळीने शेंड्यावर मारायचं आणि त्यातलं बरंचसं आपल्याच अंगावर पावसासारखं घ्यायचं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधेने वीसेक शेतकरी-मजूर गेले, तेव्हा आमच्याकडे दोन दिवस चर्चा झाली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तोंडाला रुमाल. रुमाल आणि कागदी मास्क थेंब-धूळ थोडी अडवतात, वाफ नाही. इथे वाफ शोषणाऱ्या दोन डब्यांचा रबरी मास्क मिळाला, साधारण अकराशेला. डबे वेगळे विकत मिळतात, हे महत्त्वाचं, कारण मास्क घातल्यावरही औषधाचा वास आला म्हणजे डबे संपले. काम नसताना ते बंद पिशवीत ठेवायचे, नाहीतर मांगरात (बागेतल्या खोपटात) टांगल्या टांगल्याच संपतात. सुती हातमोजे अजिबात घेऊ नका, ते औषध शोषून दिवसभर कातडीला लावून ठेवतात. नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) लांब मोजे घ्या, बाही मोज्याच्या आत आणि मोज्याची कड बाहेर दुमडलेली, म्हणजे हात वर असताना ओघळ काखेपर्यंत जात नाही.

औषधाच्या डब्यावरची माहिती बारीक अक्षरात, तीही मला भिंगातून वाचावी लागते. राखणदारांना मी डब्यावरचा रंगीत त्रिकोण शिकवला: लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. देवनागरी त्यांना येते, म्हणून मांगराच्या दारावर खडूने मोठ्या अक्षरात लिहिलंय की चक्कर, घाम, लाळ, धूसर दिसणं यातलं काहीही झालं तर काम बंद, कपडे काढून साबणाने अंघोळ, आणि दवाखान्यात जाताना डबा बरोबर.

आता तक्रार, बांधकामाच्या सामानाची. हेल्मेट चांगली आहेत, आयएस २९२५ ची, आत तयार केल्याच्या तारखेचा गोल शिक्का. पण दुकानदारांनी डोळ्यांपुढे ठेवलाय फक्त पुरुष गडी. आमच्याकडे घमेलं वाहतात त्या बायका. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं. हेल्मेट बसणार कुठे? मी विचारलं तर दुकानात सगळे हसले. मला हसू आलं नाही. बूट सातच्या खाली नाहीत. बायकांना चारचा लागतो, धाकट्या राखणदाराला पाचचा. मोठा बूट घालून पायाडावर (बांधकामाच्या परांचीवर) चढवणं म्हणजे पाडण्याचीच सोय. एक चिरा २५–३० किलोचा, तो पायावर पडला तर चप्पल काय करणार? फुरशी सापांपासून वाचायला गमबूट घेतले, तिथेही मापाची हीच रड.

चुंबळीचा प्रश्न शेवटी त्याच दुकानातल्या एका स्वस्त वस्तूने सुटला. कोपऱ्यात लोखंडी कप्पी होती. मुकादमाला सांगून पायाडाच्या बाजूला वेगळा खांब रोवून ती बसवली, आता माल दोरीने वर जातो. बायका खाली बादल्या भरतात, हेल्मेट घालून. मुकादम आधी कुरकुरला, वेळ जातो म्हणून. नंतर गप्प बसला. माझ्या मते संपूर्ण खरेदीतली ही एक नंबरची वस्तू, आणि ती ‘सुरक्षा’ म्हणून विकतही नाहीत.

मुकादमालाच मी विचारलं, यांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी आहे का. बांधकामावरच्यांसाठी १९९६ मध्ये कायद्याने ही सोय झाली, वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला असला की नोंदणी होते. त्याला ते माहीत होतं, केलं नव्हतं. आता कागद फिरतायत. कलमावर चढणाऱ्याला ही सोय नाही, उंची तेवढीच असली तरी.

दुकानाला पाचापैकी चार देते. एक गुण मापांसाठी कापला. लहान मापाचे बूट मागवून देतो म्हणालेत, आगाऊ पैसे घेतले नाहीत. जाणार असाल तर माणसाला बरोबर घेऊन जा. दुकानदारांचा मुलगा पट्टा अंगावर चढवून, मांडीच्या पट्ट्या ओढून, मागच्या आकड्याला लटकवून दाखवतो, घाई करत नाही, हिंदीत सांगतो. आमचे दाजू तिथे पाच मिनिटं लोंबकळले आणि मगच म्हणाले, हा चालेल. दुपारी एक ते तीन दुकान बंद असतं.